मणेरकाकांचा पत्ता

मणेरकाका कुठे राहतात, याबद्दल आमच्या सांगलीच्या कचेरीत एकमत नव्हतं. उपसंपादक पाटील म्हणायचे, खणभागातल्या जुन्या खोलीत. शिपाई नामदेव म्हणायचा, ती खोली पाडून जमाना झाला, आता ते उंब्रजला लेकीकडे असतात आणि एसटीने येऊन-जाऊन करतात. पण त्याच नामदेवने त्यांना एकदा मिरजेच्या आणि एकदा विश्रामबागेकडच्या बसमध्ये चढताना पाहिलं होतं, त्यामुळे तोही पैजेवर काही सांगायला तयार नसायचा. खुद्द काकांना विचारलं तर ते म्हणायचे, "हितंच की, जवळच." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे.

बातमीत माणसाच्या नावापाठोपाठ त्याचा पत्ता येतो. काकांच्या बाबतीत तो काय लिहावा, हे मला आजही सांगता येणार नाही.

कासीम मणेर हे आमच्या वृत्तपत्राच्या शाखा कार्यालयात छोट्या जाहिराती घेत. निवृत्तीचं वय उलटून गेल्यावर त्यांना करारावर ठेवून घेतलं होतं, कारण त्या खिडकीवर बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. उंची बेताची, पांढरी आखूड दाढी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट. खिशात दोन पेनं, एक लिहायला आणि एक गिऱ्हाइकाला द्यायला. गिऱ्हाइकाचं पेन परत आल्याशिवाय ते त्याला जाऊ देत नसत. हवालदारालाही नाही.

जाहिरातीचे पैसे शब्दांवर असत. लोक लांबलचक मजकूर घेऊन येत आणि काका तो मोठ्याने वाचत. "हवेशीर, प्रशस्त, मोक्याच्या ठिकाणी, बसस्टॉपनजीक, भाड्याने देणे आहे." मग चष्म्यावरून पाहत. "आवं ताई, बसस्टॉपनजीक म्हणजे मोक्याचंच झालं की. मोक्याचं काढा. हवेशीर ज्याला त्याला आत गेल्यावर कळतंय, तेबी काढा." कचेरीचं उत्पन्न कमी करणारा कचेरीतला हा एकमेव माणूस होता आणि व्यवस्थापकांना ते माहीत होतं. मात्र महापुरानंतर लोक जे चार शब्द हमखास लिहायला लागले, "पाणी न येणारा भाग", त्यांना काकांनी कधी हात लावला नाही. ते म्हणायचे, "ह्येच्यापायीच भाडं दुप्पट झालंय. ह्ये काढलं तर राहिलं काय?"

त्यांचा एक नियम होता. जाहिरात छापून येईपर्यंत तिच्यातली माहिती कुणालाही सांगायची नाही. पाटलांच्या मेहुण्याला दोन खोल्या हव्या होत्या. पाटील खिडकीशी जाऊन उभे राहिले. "काका, आज काय आलंय का चांगलं?"

"आलंय की."

"कुठं?"

"उद्याच्या अंकात वाचा."

"अहो, मी ह्याच पेपरात हाय."

"मग तुमाला फुकटच मिळतोय. वाचा."

ज्याने पैसे भरून जाहिरात दिली, त्याची जागा सगळ्या जिल्ह्याने एकाच वेळी वाचली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. हा नियम कचेरीने केलेला नव्हता. तो त्यांनी स्वतःच कधीतरी करून घेतला होता आणि स्वतःलाही लावला होता, हे मला नंतर कळलं. कारण त्या काळात काका स्वतः खोली शोधत होते.

खणभागातल्या खोलीत त्यांनी उभी हयात काढली होती. पत्नी जुबेदा तिथेच गेल्या. मग पूर आला. पूर ओसरल्यावर मालकाच्या मुलांनी ती बैठी चाळ पाडून त्या जागी इमारत बांधायला घेतली आणि जुन्या भाडेकरूंच्या हातावर थोडे पैसे ठेवून निरोप दिला. काकांनी तक्रार केली नाही. नव्या खोलीचं भाडं मात्र आता त्यांच्या मानधनातला बहुतेक भाग खाणार होतं, आणि अनामत रकमेसाठी लेकीकडे हात पसरायचा नव्हता.

लेक नसीम उंब्रजला दिली होती. जावयाचं महामार्गालगत टायर पंक्चरचं दुकान. दोन खोल्या, सासू, सासरे, लहान दीर. नसीम दर ईदला माहेरी येई. दुपारी शीरखुर्मा, आणि निघताना काका स्वतः तिच्या हातात बांगड्या भरत. मणेर म्हणजे बांगडीवाले. काकांच्या वडिलांची मिरजेच्या बाजारात बांगड्यांची बैठक होती. काकांनी धंदा सोडला, पण हात विसरला नव्हता. कचेरीतल्या बायका संक्रांतीच्या आधी त्यांच्यापुढे हात धरत. तळवा दाबून, अंगठा आत घेऊन, बोलण्यात गुंतवून ते बांगडी कधी चढवत ते कळत नसे.

खोली गेल्यापासून नसीमचा फोन आला की ती एकच विचारी. "अब्बा, नवी जागा बघायला कवा येऊ?" आणि काका सांगत, "रंग चाललाय. ईदला ये." फोन ठेवल्यावर ते ताजा अंक उघडत.

सकाळी नऊच्या आत फोन करणं त्यांना शिष्टाचाराला धरून वाटत नसे. तोवर निम्म्या जागा दलालांनी उचललेल्या असत. उरलेल्यांना ते फोन लावत आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर देत. माणसं किती? एक. वय? सत्तर. नाव? कासीम मणेर. एकदा माझ्यासमोर त्यांनी फोन खाली ठेवला आणि हवामान सांगावं तशा स्वरात म्हणाले, "नावाला थोडी थांबत्यात, साहेब. वयाला समदीच थांबत्यात."

"म्हणजे?"

"उद्या तुमाला काय झालं तर आमी कुणाला फोन लावायचा, म्हणत्यात. लेक हाय म्हटलं. तर म्हणत्यात, मग तिकडंच का न्हाई ऱ्हात."

"आणि काय सांगता?"

"कायतरी सांगायला पायजे खरं," ते म्हणाले. "अजून सुचलं न्हाई."

त्याच सुमाराला आम्ही एक वृत्तमालिका केली. एसटी स्टँडवर, देवळाच्या ओसरीत, दर्ग्याच्या आडोशाला रात्र काढणारी म्हातारी माणसं. संपादकीय बैठकीत वाद झाला. पाटील म्हणाले, "माझ्या गावात निम्म्या घरांना कुलपं हायत. बाप्ये गलाईच्या धंद्याला परमुलखात गेले, पोरं पुण्याला गेली. आणि हितं सांगलीत म्हाताऱ्याला खोली मिळंना. मग घरं कमी हायत का जास्त?" कुणी म्हणालं, बांधकामाचा खर्च वाढला. कुणी म्हणालं, गुंतवणुकीवाल्यांनी भाव चढवले. कुणी म्हणालं, दोष घरांचा नाही, मुलांचा. महापालिकेच्या रात्रनिवाऱ्यात खाटा रिकाम्या असल्याचं बातमीदार सांगत होता आणि स्टँडवरची माणसं तिथे का जात नाहीत, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. ज्या पानावर मालिका जायची, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात विश्रामबागेपलीकडच्या एका नव्या गृहप्रकल्पाची जाहिरात होती. आमचे पगार त्या अर्ध्या भागातून निघत. बैठक कशावर संपली ते आता आठवत नाही. बहुधा चहावर.

काका जाहिरातीचा मजकूर द्यायला आत आले होते. फळ्यावरचं शीर्षक त्यांनी वाचलं. "ह्यो बेघर शब्द काढता आला तर बघा," ते म्हणाले.

"मग काय लिहू?" पाटलांनी विचारलं.

"घर शोधणारे म्हणा. शोधत असत्यात ती."

"काका, ती शोधत नाहीत. ती झोपतात तिथं."

"झोपल्यावर कोण शोधतंय," काका म्हणाले आणि खिडकीकडे गेले. शीर्षक बदललं नाही.

ते सगळ्यांच्या आधी कचेरीत येत आणि मागच्या मोरीत रुमाल, बनियन धुऊन खिडकीच्या गजांवर वाळत घालत. आम्ही त्याला त्यांची टापटीप समजत होतो. त्यांच्या टेबलाखाली एक रेक्झिनची पिशवी असे. ती आम्हाला जेवणाच्या डब्याची वाटे.

रमजान ईदच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. "उद्या दुपारच्याला या. नसीम येणार हाय."

"जागा मिळाली?"

"या तर."

त्यांनी सांगितलेल्या खुणांवरून मी विश्रामबागेपलीकडे गेलो तर त्याच प्रकल्पाच्या फाटकाशी पोचलो, ज्याची जाहिरात आम्ही छापत होतो. सुटीमुळे काम बंद होतं. कुंपणावर रंगीत झेंडे होते, आणि पहिल्या मजल्याकडे बाण दाखवणारी पाटी: सॅम्पल फ्लॅट. मला वाटलं मी चुकलो. इतक्यात वरून काकांनी हाक मारली.

आत झुंबर होतं. पांढरा सोफा, काचेचं टेबल, टेबलावर सफरचंदांची परडी, भिंतीवर मोठा टीव्ही. काका नवा झब्बा घालून दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हळू आवाजात म्हणाले, "इथले सुतार मॅनेजर आपल्या खिडकीवर येत्यात जाहिरात घेऊन. रात्रीची राखण म्हणून ऱ्हावा म्हणाले. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत निघायचं, आपली खूण काय ठेवायची न्हाई, एवढीच अट." ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले. पलंग सुरेख होता. "आखूड हाय," ते म्हणाले. "खोली मोठी दिसावी म्हणून करून घेत्यात असला. माणसानं बघायचा, झोपायचा न्हाई. मी खालीच झोपतो."

तेवढ्यात नसीम आली. तिशीची, दम लागलेली, एका हातात शीरखुर्म्याचा डबा, दुसऱ्या हाताला सहा वर्षांची आलिया. नसीम दारातच थांबली. झुंबर पाहिलं, सोफा पाहिला, बापाला पाहिलं.

"अब्बा, लय मोठी जागा हाय."

"बस की."

ती स्वयंपाकघरात गेली. नळ फिरवल्याचा आवाज आला. पाण्याचा आला नाही. थोड्या वेळाने तिने पिशवीतली बाटली काढून वाट्या विसळल्या. आलियाने टीव्हीवर हात फिरवला. "नाना, टीव्ही लागत न्हाई. पुठ्ठ्याचा हाय."

"लाइट गेलीय," काका म्हणाले.

डोक्यावर पंखा फिरत होता. नसीमने मान वर करून पंख्याकडे पाहिलं, मग लेकीकडे वळून म्हणाली, "नानांनी सांगितलं न्हवं, लाइट गेलीय म्हणून. गप बस."

मी सोफ्याच्या कडेवर बसून होतो. कोण कोणापासून काय लपवतंय, हे मला नीट लागत नव्हतं. बापाने घर असल्याचं सोंग केलं होतं आणि लेकीने ते ओळखून पुढे चालवलं होतं, इतकं स्पष्ट होतं. पण लेकीने ओळखलं, हे बापाला कळलं होतं की नाही? तो तर शांतपणे शीरखुर्म्यातले काजू नातीच्या वाटीत टाकत होता.

आणि मग जिन्यावर पावलं वाजली. एक जोडपं उघड्या दारात येऊन उभं राहिलं. पन्नाशीचे गृहस्थ, गळ्यात जाड साखळी, मागे बाई. विट्याकडचे होते. गलाईचा धंदा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा, दुकान कोइमतूरला. गावी आले की सांगलीत फ्लॅट पाहायचे.

"सॅम्पल फ्लॅट हाच न्हवं?" गृहस्थांनी विचारलं. "आज बंद म्हणाला खालचा माणूस, पर आमी परवा चाललोय." मग त्यांचं लक्ष वाट्यांकडे, झब्ब्याकडे, खाली बसलेल्या पोरीकडे गेलं. "तुमी कंपनीची माणसं व्हय?"

काका उठले होते. खरं सांगायची सवय असलेल्या माणसाची इतकी पंचाईत मी पाहिली नव्हती.

नसीम म्हणाली, "माझ्या अब्बांचं घर हाय. बघा की. चपला तेवढ्या भाईर काढा."

त्या दोघांनी चपला काढल्या. नसीमने त्यांना दिवाणखाना दाखवला, झोपायची खोली दाखवली, दुपारचं ऊन कुठून येतं ते दाखवलं, जे तिने स्वतः अर्ध्या तासापूर्वी पाहिलं होतं. मग त्यांना बसवून शीरखुर्मा दिला. बाईंनी दुसरी वाटी घेतली. "घर कसं घरासारखं वाटतंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "न्हाईतर समदी फ्लॅटं दवाखान्यागत."

"भाव काय पडला तुमाला?" गृहस्थांनी काकांना विचारलं.

"ते सोमवारी ऑफिसात सांगतील," काका म्हणाले. तेवढं एक खरं वाक्य त्यांना मिळालं आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

पाहुणे गेल्यावर काकांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. हिरव्या काचेच्या बांगड्या. नसीम त्यांच्यापुढे बसली आणि तिने हात पुढे केला. एरवी काका बोलण्यात गुंतवत, त्या दिवशी नाही. ती निघाल्यावर त्यांनी वाट्या पुसल्या, सोफ्यावरच्या सुरकुत्या हाताने मोडल्या, परडीतली सफरचंदं होती तशी लावली. एका सफरचंदावर आलियाच्या दातांची खूण होती. ते प्लास्टिकचं होतं. काकांनी खुणेची बाजू खाली केली.

सोमवारी ते जोडपं सुतार मॅनेजरांकडे गेलं आणि त्यांनी तोच फ्लॅट मागितला. दुसरा नको, सामानासकट तोच. बऱ्याच महिन्यांत एकही फ्लॅट हलला नव्हता. सुतारांनी काकांना कचेरीत येऊन पेढे दिले. "काका, कुणाला जमलं न्हाई ते तुमी केलं," ते म्हणाले, आणि त्याच दमात, "आता राखणीचं काय काम उरलं न्हाई हो." रागाने नाही, संकोचाने म्हणाले. काकांनी पेढा खाल्ला आणि सुतारांकडे सहीला दिलेलं आपलं पेन परत मागितलं.

गोष्ट इथे थांबली असती तर मला ती समजली असती. पण दोन महिन्यांनी ते विट्याचे गृहस्थ आमच्या खिडकीवर आले. फ्लॅट रिकामा ठेवण्यापेक्षा भाड्याने द्यायचा होता. समोर काका. गृहस्थांना आनंद झाला. "आवं, तुमी हितं?" काकांनी मजकूर घेतला, मोठ्याने वाचला: "सुसज्ज फ्लॅट, पाणी न येणारा भाग, फक्त कुटुंबास." नेहमीप्रमाणे एक शब्द कमी करता येईल का, ते पाहिलं. "फक्त काढा," ते म्हणाले. "कुटुंबास म्हटलं की कळतंय."

गृहस्थ गेल्यावर मी खिडकीशी गेलो. "काका, माणूस ओळखीचा आहे. आत्ता हाक मारा. विचारा."

"उद्या छापून येऊ दे."

"उद्यापर्यंत जाईल."

"मग गेलं."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्यांनी फोन लावला. जागा गेली नव्हती. भाडं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं, पण गृहस्थ कमी करायला तयार होते. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. "तुमच्यासारखं माणूस पायजेच हाय, चाचा. लेक आन् जावई संगं ऱ्हाणार असतील तर आजच किल्ली घ्या. एकट्याचं मात्र अवघड हाय बघा. आमी तिकडं लांब. उद्या तुमाला काय झालं तर..."

"बराबर हाय," काका म्हणाले. मला राग आला होता. कुणावर, ते ठरवता येत नव्हतं. गृहस्थांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. नियम काकांचा होता. फ्लॅट विकला गेला तो नसीमने तिथे घर उभं केलं म्हणून. आणि ते एक दुपारचं घर पाहून भुललेल्या माणसाला आता पुन्हा तेच घर हवं होतं, काका एकटे नको होते.

त्या वर्षी माझी बदली साताऱ्याला झाली. काकांनीही काम सोडल्याचं पाटलांकडून कळलं. कुठे असतात, विचारलं, तर पाटील म्हणाले, उंब्रजला लेकीकडे. नामदेव म्हणाला, छे, मिरजेला बांगडीवाल्यांच्या आळीत कुणाकडे तरी. मी पुन्हा जिथे होतो तिथेच आलो.

पुढच्या वर्षी बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी मी सांगलीला निघालो होतो आणि कराडच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर मणेरकाका बसले होते. झब्बा इस्त्रीचा. पायाशी तीच रेक्झिनची पिशवी. शेजारी नसीम, मध्ये उघडा डबा. आलिया बाकावर उभी राहून गाड्यांच्या पाट्या वाचत होती.

"साहेब, या, बसा," काकांनी सरकून जागा केली. नसीमने डब्याच्या झाकणात मला खिमा-पाव दिला.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

काकांनी उत्तर द्यायच्या आत नसीम म्हणाली, "मी माहेरला आलते. आता निघाले."

उंब्रजवरून जाणारी सातारा गाडी फलाटाला लागली होती. चालक अजून चहा पीत होता. काकांनी पुडी सोडली आणि नसीमने हात पुढे केला. येणारे-जाणारे वळून पाहत होते. काकांनी तिचा तळवा दाबून धरला, अंगठा आत घेतला. या वेळी ते बोलत होते. टायरचं दुकान कसं चाललंय, सासूचा गुडघा कसा आहे, पोरीची शाळा कवा सुरू. एक बांगडी तडकली. नसीम म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, अब्बा, गाडी सुटंल." काका म्हणाले, "सुटत न्हाई. अजून चहा संपला न्हाई त्येचा." आणि दुसरी बांगडी घेतली.

गाडी हलली तेव्हा खिडकीतून तिचा हात बाहेर होता. काका फलाटाच्या कडेपर्यंत गेले आणि परत आले. त्यांनी बाकावरचे, बाकाखालचे काचेचे तुकडे वेचून कागदात बांधले. डब्याचं तेल सांडलं होतं ते रुमालाने पुसलं. आलिया उभी होती तिथला धुळीचा पाय पुसला. बाक होता तसा झाला.

माझी सांगलीची गाडी लागली. मी म्हणालो, "काका, चला, सांगलीला येताय ना?"

"तुमी व्हा म्होरं," ते म्हणाले.

मी खिडकीतून पाहिलं. गाठोडं घेतलेली एक म्हातारी बाई बाकाजवळ येऊन कुठे बसावं ते बघत होती. काकांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिला हाताने जागा दाखवली. फलाटावर पुण्याची, चिपळूणची, मिरजेची, अशा तीन गाड्या उभ्या होत्या. ते त्यांतल्या एकीकडेही पाहत नव्हते.